दिवस गेल्याचं कळण्याआधी

ग्रहण लागलं की घरातल्या गरोदर बाईवर पहारा बसतो. विळीला हात लावायचा नाही, सुई-दोरा धरायचा नाही, भाजी चिरायची नाही, आडवं व्हायचं नाही. वेध लागल्यापासून ग्रहण सुटेपर्यंत बिचारीने नुसतं बसून राहायचं. घोटभर पाणीसुद्धा कुणाच्या तरी नजरेआडच प्यायचं! ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री आपल्याकडून खग्रास चंद्रग्रहण दिसलं, तेव्हाही किती तरी घरांत हा पहारा बसला असेल.

कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं. 'काही चिरलंस तर बाळाचा ओठ फाटेल.'

हे एवढ्यावरच थांबलं असतं, तर एक जुनी समजूत म्हणून सोडून देता आलं असतं. पण दुभंगलेल्या ओठाचं बाळ खरंच जन्माला येतं, तेव्हा त्याच्या आईला पहिला प्रश्न काय विचारला जातो? 'ग्रहणात काय कापलंस गं?' ओली बाळंतीण, मांडीवरचं बाळ नीट ओढत नाही म्हणून आधीच घाबरलेली. ती बसते आठवत. खरंच का मी त्या दिवशी कांदा चिरला होता? आणि कुणी काही विचारलं नाही, तरी ती स्वतःच स्वतःला विचारत राहते. माझ्याच पोटात हे बिघडलं, म्हणजे माझंच काही तरी चुकलं असणार!

मैत्रिणींनो, आज याच प्रश्नाचा थोडा हिशेब मांडू या. बाळाचं शरीर पोटात घडतं कसं, कधी घडतं आणि ते घडताना बिघडतं कुठे, हे एकदा नीट समजलं की विळीची भीती आपोआप जाते. आणि ज्याची काळजी खरोखर घ्यायला हवी, ते डोळ्यांपुढे येतं.

एका पेशीपासून

सुरुवात होते एका पेशीने. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. काही दिवसांतच हा पेशींचा पुंजका गर्भाशयात रुजतो. तिसऱ्या आठवड्यात त्याच्यात तीन थर तयार होतात, एकावर एक घातलेल्या तीन घड्यांसारखे. पुढचं सगळं शरीर याच तीन थरांतून उभं राहतं. वरच्या थरातून कातडी, केस, मेंदू आणि मज्जातंतू. मधल्या थरातून हाडं, स्नायू, हृदय, रक्त आणि मूत्रपिंडं. आतल्या थरातून आतड्यांचं आणि फुप्फुसांचं अस्तर, तसंच यकृत.

शाळेत आपण 'ऊती' नावाचा धडा शिकलो होतो. एकसारखं काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. आच्छादन करणारी, आधार देणारी, आकुंचन पावणारी आणि निरोप वाहून नेणारी अशा चार प्रकारच्या. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. पण या चार प्रकारच्या ऊती पोटातल्या बाळात ज्या शिस्तीने तयार होतात, ते वाचलं की थक्क व्हायला होतं. प्रत्येक पेशीला कुठे जायचं, काय व्हायचं आणि कधी थांबायचं हे कळावं लागतं. काही पेशींना तर कधी मरायचं हेही कळावं लागतं!

अतिशयोक्ती वाटते? बोटांचंच उदाहरण घ्या. बाळाचा हात आधी वल्ह्यासारखा चपटा असतो. सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमाराला बोटांच्या मधल्या जागेतल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, म्हणून बोटं सुटी होतात. त्या मेल्या नाहीत तर बाळ जोडबोटं घेऊन जन्माला येतं.

चेहऱ्याचंही असंच. आपला चेहरा एका तुकड्यात बनत नाही. कपाळाकडून एक भाग खाली येतो, दोन्ही गालांकडून दोन भाग पुढे येतात आणि ते एकमेकांना मिळतात. आरशात पाहा, नाकाखाली वरच्या ओठावर जी उभी पन्हळ दिसते ना, ती याच सांधकामाची खूण. एखाद्या बाजूचा सांधा जुळला नाही तर ओठ दुभंगलेला राहतो. टाळूचं सांधकाम त्यानंतर, साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत चालतं. ते राहिलं तर टाळूला फट पडते.

आता मुद्द्याची गोष्ट. वरचा ओठ सांधला जातो तो गर्भधारणेनंतर सहाव्या-सातव्या आठवड्यात. म्हणजे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात ग्रहण आलं, तेव्हा बाळाचा ओठ केव्हाच तयार होऊन बसलेला असतो. त्या बाईने त्या दिवशी अख्खी पोतंभर कोथिंबीर चिरली तरी त्याला धक्का लागणार नाही! उलट तिला तासन् तास उपाशी आणि तहानलेली ठेवण्याचाच त्रास जास्त. आणि जिचे खरोखर ते नाजूक आठवडे चाललेले असतात, तिच्यावर पहारा बसवायला कुणाला तिचं काही माहीतच नसतं. बहुतेक वेळा तिला स्वतःलाही नसतं.

करंजीची कड

सगळ्यांत लवकर आणि सगळ्यांत घाईने जे काम चालतं, ते मेंदू आणि मज्जारज्जूचं. गर्भधारणेनंतर अठरा-एकोणीस दिवसांनी वरच्या थरातली एक लांबट पट्टी जाड होते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि चिकटतात. पट्टीची नळी होते. डॉक्टर हिला 'न्यूरल ट्यूब' म्हणतात. या नळीच्या वरच्या टोकाचा मेंदू होतो आणि उरलेल्या लांबीचा पाठीतला मज्जारज्जू. मानेच्या आसपास पहिला टाका पडतो आणि तिथून वर नि खाली दोन्हीकडे नळी मिटत जाते. वरचं टोक पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला मिटतं, खालचं अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत.

दिवाळीत करंजीची कड दाबताना आपण किती जपतो! एवढीशी फट राहिली तरी तळताना सारण बाहेर येतं. इथेही तसंच. नळीचं खालचं टोक उघडं राहिलं तर बाळाच्या पाठीच्या कण्यात फट राहते, तिला 'स्पायना बायफिडा' म्हणतात. काही बाळांच्या पाठीवर पाण्याने भरलेली पिशवी दिसते, पायांत ताकद राहत नाही, लघवी-शौचावर ताबा येत नाही, डोक्यात पाणी साठतं. वरचं टोक उघडं राहिलं तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटी तयारच होत नाही. असं बाळ जगू शकत नाही.

हे फार विरळा असतं असं समजू नका. भारतात झालेल्या वेगवेगळ्या अभ्यासांचा २०१३ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हजार जन्मांमागे साधारण चार बाळांना न्यूरल ट्यूबचा दोष असल्याचं दिसलं होतं.

आता दिवसांचा हिशेब करू या. ज्यांची पाळी अठ्ठावीस दिवसांची आहे, त्यांना गर्भ राहिल्यानंतर चौदा दिवसांनी पाळी चुकते. पुढचे आठ-दहा दिवस आपण 'बघू, पुढेमागे होतंच' असं म्हणत काढतो. प्रवास झाला असेल, दगदग झाली असेल... मग तपासणी. मग ती गोड बातमी. मग 'तीन महिने कुणाला सांगू नकोस' अशी ताकीद. मग डॉक्टरांची वेळ. आणि न्यूरल ट्यूब मिटते कधी? पाळी चुकल्यापासून दोन आठवड्यांत! बाळाचं हृदय तर त्याही आधी, पाळी चुकून आठवडा होतो न होतो तोच धडधडायला लागलेलं असतं. तेव्हा बाळ असतं जेमतेम मुगाच्या दाण्याएवढं.

म्हणजे डॉक्टर पहिली चिठ्ठी लिहून देतात, तोवर सगळ्यांत मोठं सांधकाम बहुधा उरकलेलं असतं. आपल्याकडच्या काळजीचा सगळा भर मात्र पुढच्या महिन्यांवर. डोहाळे, चोरओटी, सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण... सगळं छान आहे, कौतुकाचं आहे. पण शरीराचा पाया घातला जातो तेव्हा आपण तिथे नसतोच.

वेळ चुकली की...

पोटातल्या घडणीत वेळेला किती महत्त्व असतं, हे जगाला एका फार मोठ्या दुःखातून कळलं. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध बाजारात आलं. शांत झोपेसाठी, आणि गरोदरपणातल्या मळमळीवरही ते दिलं जाऊ लागलं. आईला काहीच अपाय नव्हता. पण अनेक देशांत हातपाय नसलेली किंवा अगदी आखूड हातापायांची बाळं जन्मू लागली. जर्मनीतले डॉ. विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातले डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनी १९६१ मध्ये या औषधाकडे बोट दाखवलं आणि त्याच वर्षाअखेर जर्मनीत ते मागे घेण्यात आलं. तोपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळांचं नुकसान होऊन गेलं होतं. अमेरिकेत मात्र औषधांना परवानगी देणाऱ्या खात्यात डॉ. फ्रान्सिस केल्सी नावाची बाई बसली होती. 'पुरावे पुरेसे नाहीत' म्हणत तिने कंपनीचा अर्ज अडवून धरला, म्हणून तिथली असंख्य बाळं वाचली.

पुढे अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की हे औषध गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांत घेतलं गेलं तरच हा घात होत होता. त्यातही कोणत्या दिवशी घेतलं, त्यावर कान बिघडणार की हात की पाय, हे ठरत होतं. ज्या दिवशी जे घडत असतं, तेच बिघडतं.

दुसरी गोष्ट त्याच्याही आधीची. १९४१ साली ऑस्ट्रेलियात सिडनीला डॉ. नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकामागून एक तान्ही बाळं येऊ लागली. सगळ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, कित्येकांच्या हृदयातही दोष. ग्रेग यांनी त्या बाळांच्या आयांचं बोलणं लक्ष देऊन ऐकलं. जवळजवळ सगळ्या जणींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, येऊन गेला होता. तोवर हा आजार म्हणजे चार दिवसांचं पुरळ, त्यात काय मोठंसं, असंच सगळे समजत. आयांना दोष न देता त्यांचं ऐकून घेतलं, म्हणून खरं कारण सापडलं. आज रुबेलाची लस आहे. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम शाळाशाळांतून झाली, ती याचसाठी. मुलींच्या पुढच्या बाळंतपणाची काळजी अशी शाळेच्या वर्गात घेतली जाते!

मुंबईच्या गिरणीतून मिळालेला धागा

आता त्या न्यूरल ट्यूबकडे पुन्हा वळू या. कारण तिच्यावरच्या उपायाचा एक धागा थेट आपल्या मुंबईत येऊन पोहोचतो.

१९२८ साली डॉ. ल्युसी विल्स ही इंग्रज बाई मुंबईला आली. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक भयंकर पंडुरोग दिसत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी मोठ्या पण कमी, अंगात त्राण नाही आणि कित्येकींचा त्यात जीव जाई. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून ल्युसीबाईंनी त्याचा शोध घेतला. जंतू आहेत का ते पाहिलं, काही सापडलं नाही. मग या बायका खातात काय, ते पाहिलं. माकडांवर प्रयोग केले. आणि उपाय सापडला तो मार्माइटमध्ये. यीस्टपासून बनवलेला हा काळा, खारट पदार्थ इंग्रज लोक पावाला लावून खातात. तो दिला आणि आजारी बायकांचं रक्त सुधारू लागलं. १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

मार्माइटमध्ये नेमकं काय होतं, ते तेव्हा ठाऊक नव्हतं. १९४१ मध्ये अमेरिकेत काही टन पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं फोलिक अॅसिड. ते प्रयोगशाळेत बनवण्याचं काम १९४५ च्या सुमारास ज्या अमेरिकी कंपनीत झालं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

नव्या पेशी तयार व्हायच्या तर त्यांच्या आतला आराखडा, म्हणजे डीएनए, पुन्हा पुन्हा उतरवून काढावा लागतो. त्या कामाला फोलिक अॅसिड लागतं. रक्त रोज नव्याने तयार होत असतं, म्हणून कमतरता तिथे दिसते. आणि त्याहून वेगाने पेशी कुठे वाढत असतात? गर्भात!

हे दोन धागे जुळायला मात्र बरीच वर्षं गेली. अखेर १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. सात देशांतल्या तेहतीस केंद्रांत, आधीच्या बाळाला न्यूरल ट्यूबचा दोष असलेल्या बायकांना पुढच्या गरोदरपणाच्या आधीपासून फोलिक अॅसिड दिलं गेलं. दोष पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण तब्बल ७२ टक्क्यांनी कमी झालं. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरलेल्या मुदतीआधीच थांबवण्यात आला. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या अभ्यासाने दाखवलं, की पहिल्यांदाच आई होणाऱ्यांनाही याचा फायदा होतो. अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात फोलिक अॅसिड मिसळणं सक्तीचं केलं. कारण तेच. सगळ्याच बायका गोळी आधीपासून घेतील असं नाही, पण पाव सगळ्याच खातात.

पालक आहे की घरात!

इथे कुणी तरी म्हणणारच, 'गोळ्या कशाला? आपण पालेभाज्या खातो की!' खाच. पालक, मेथी, चवळी, मूग, मसूर, हरभरा, शेंगदाणे, संत्रं या सगळ्यांत फोलेट असतं. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून केलेली आपली अळूची किंवा पालकाची पातळ भाजी या बाबतीत अगदी गुणी. पण हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि फार शिजवलं की नाश पावतं. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी. उकडलेलं पाणी ओतून न देता आमटीला वापरावं. एवढं करूनही सुरुवातीच्या त्या दिवसांत जेवढं हवं, तेवढं फक्त जेवणातून मिळेल याची खात्री नसते. म्हणून गोळी.

आणखी एक गोष्ट, खास आपल्याकडची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. तिथे दिसलं की दोन तृतीयांश गरोदर बायकांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. फोलेट मात्र बहुतेकींचं ठीक होतं. बी-१२ आणि फोलिक अॅसिड ही जोडीने काम करणारी भावंडं. एकाच्या अभावी दुसऱ्याचंही काम अडतं. पुण्यातल्याच पुढच्या संशोधनात बी-१२ च्या कमतरतेचा न्यूरल ट्यूबच्या दोषांशीही संबंध दिसून आला. बी-१२ वनस्पतींत नसतं. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतून ते मिळतं. शाकाहारी घरांत आणि 'आधी सगळ्यांना वाढून मग उरलंसुरलं स्वतःला' असं जेवणाऱ्या बायकांत ते कमी पडलं तर नवल काय? म्हणून मूल हवं असं ठरलं की डॉक्टरांशी बी-१२ बद्दलही बोलावं. नुसत्याच फोलिक अॅसिडचे मोठे डोस घेत राहिलं, तर बी-१२ ची कमतरता झाकली जाते आणि नसांना इजा होऊ शकते.

नेमकं करायचं काय?

* मूल हवं असं ठरवलं की किमान एक महिना आधीपासून, जमल्यास दोन-तीन महिने आधीपासून फोलिक अॅसिड सुरू करावं आणि पहिले तीन महिने चालू ठेवावं. नेहमीचं प्रमाण रोज ४०० मायक्रोग्रॅम. दुकानात ५ मिलिग्रॅमची गोळीही सर्रास मिळते, ती याच्या बारापटीहून जास्त असते. म्हणून डॉक्टरांना विचारूनच.

* आधीच्या बाळाला न्यूरल ट्यूबचा दोष असेल, आईला मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस वेगळा लागू शकतो. हे डॉक्टरांना आधी सांगा.

* फिट्सवरच्या काही औषधांनी, विशेषतः व्हॅलप्रोएटने, हे दोष वाढतात. पण औषध आपल्या मनाने बंद करू नका. फिट येणंही तितकंच घातक. मूल ठरवण्याआधी डॉक्टरांकडून बदलून घ्या.

* मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना गर्भ राहता कामा नये. त्या बाळाला गंभीर इजा करतात.

* मधुमेह असेल तर साखर आधी ताब्यात आणा. पहिल्या आठवड्यांतली वाढलेली साखर बाळाच्या हृदयाला आणि मज्जारज्जूला भोवते.

* रुबेलाची लस घेतली नसेल तर ती गरोदर राहण्याआधी घ्या आणि नंतर किमान एक महिना थांबा. गरोदरपणात ही लस देत नाहीत.

* तंबाखू, मिश्री, सिगारेट, दारू बंद. घरातल्या पुरुषांनीही घरात धूर करू नये.

* अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी चुकवू नका. पाठीचा कणा, हृदय, डोकं त्यात नीट पाहिलं जातं. गंभीर दोष आढळलाच तर २०२१ च्या सुधारित कायद्यानुसार वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपाताची परवानगी मिळू शकते.

आणि तरीही झालं तर?

हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. सगळं व्यवस्थित करूनही दोष राहू शकतो. फोलिक अॅसिडने बरेच दोष टळतात, सगळे टळत नाहीत. दुभंगलेला ओठ जगात साधारण सातशे बाळांमागे एका बाळाला असतो, हृदयाचा काही ना काही दोष शंभरात साधारण एकाला. बहुतेक वेळा एकच एक कारण बोट दाखवून सांगता येत नाही. थोडा वाटा आईबापांकडून आलेल्या जनुकांचा, थोडा परिस्थितीचा. आणि जनुकं दोघांकडून येतात बरं का! बोट मात्र एकीकडेच दाखवलं जातं. 'ग्रहणात काय कापलंस' या प्रश्नाच्या जागी उद्या 'गोळ्या का नाही घेतल्यास' हा प्रश्न यायला नको. कोट्यवधी पेशींच्या या सांधकामात कुठे तरी टाका निसटतो, म्हणून कुणी आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये.

विचारायचा प्रश्न एकच, 'आता पुढे काय करायचं?' आणि त्याला आज चांगली उत्तरं आहेत. दुभंगलेला ओठ साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात आणि टाळू वर्षाच्या आसपास शस्त्रक्रियेने शिवता येते. तोवर दूध कसं पाजायचं, तेही शिकवलं जातं. पाठीवरची उघडी गाठ जन्मानंतर दोन-तीन दिवसांत झाकावी लागते, म्हणून असं बाळ मोठ्या रुग्णालयात लगेच न्यायला हवं. 'नजर लागेल' म्हणून दुपट्यात गुंडाळून ठेवण्यात अनमोल वेळ जातो. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ, न्यूरल ट्यूबचे दोष, वाकडी पावलं, जन्मजात हृदयदोष, मोतीबिंदू, बहिरेपणा अशा दोषांची तपासणी आणि पुढचे उपचार सरकारी खर्चाने होतात. आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यात विचारलं की कुठे जायचं, ते कळतं.

केळवणाच्या पंगतीत

मग हे सांगायचं कधी? डोहाळजेवणाला सांगून उपयोग नाही, हे आता आपल्याला कळलंच आहे. तेव्हा फार उशीर झालेला असतो. लग्न ठरलं की आपण मुलीला घरोघर केळवणाला बोलावतो. पुरणपोळी वाढतो, साडी देतो, संसाराच्या चार गोष्टी सांगतो. त्याच पंगतीत मावशीने, काकूने, मोठ्या बहिणीने तिला हळूच एवढंही सांगावं, 'मूल हवं असं ठरवाल ना, त्याच्या आधी डॉक्टरांना भेट बाई. रक्त तपासून घे, गोळी सुरू कर.' जावयालाही सांगावं, कारण ठरवणारे दोघं असतात.

आणि पुढच्या ग्रहणात सुनेच्या हातून विळी काढून घेणाऱ्या सासूबाईंनाही एक विनंती. काळजी आहे म्हणूनच तुम्ही हे करता, ते दिसतंच. तेवढीच काळजी घरात नुकत्याच आलेल्या सुनेच्या ताटाची घ्या. तिच्यापुढे वाटीभर दही आणि पालेभाजी आहे ना, ते पाहा. ती चारचौघांबरोबर वेळेवर जेवायला बसते ना, ते पाहा. बाळाचा ओठ, पाठ, हृदय ज्या दिवसांत घडतं, ते दिवस कुणाला न सांगता येतात आणि जातात. आपण तयार असलेलं बरं.